पट्टी

चार दिवस जमवतेय कांद्याच्या साली.
मोंढ्यात शेवंताबाईच्या टोपलीच्या तळातून झाडून घेतल्या.
ती म्हणाली, काय करता हो सिस्टर एवढ्या फोलपटांचं?
म्हटलं, रंग.

टँकर परवाच येऊन गेला.
एक पातेलं पाणी यासाठी म्हणून झाकून ठेवलं होतं.
उकळलं तसं विटेसारखं होत गेलं.

अंडी सात, गावरान.
एक पिशवीतच फुटलं, त्याची पोळी झाली.

चिंचेची डहाळी ओली करून कवचावर बसवायची,
वर गॉज, मग दोऱ्याची गाठ.
एवढं मला येतं.
अठरा वर्षं वॉर्डात दुसरं काय केलं?
फार आवळायचं नाही,
सैलही सोडायचं नाही.

योएलला दुकानातले चमकते स्टिकर हवे होते.
नाही म्हटल्यावर रुसला, मग
शुक्रवारच्या उपासनेतून उरलेल्या मेणबत्तीनं
एका अंड्यावर बॅट काढली,
बुडवलं हळदीच्या पाण्यात.
बॅट पांढरी उठली, मूठ वाकडी.
दहा वेळा दाखवून झाली.

बाकीची रात्रभर पातेल्यातच,
बांधलेली.

रविवारी पहाटे,
जालन्यात अजून दूधवालाही फिरला नव्हता,
कात्रीनं दोरा कापला.
पट्टी उलगडली.
डहाळी मऊ होऊन माझ्या बोटाला चिकटून आली
आणि तांबड्या कवचावर
राहिली तिची जागा,
पान न् पान, दुधाळ.

"पान कुठं गेलं?"

मी पट्टीची घडी घालत होते. हाताला सवय.
म्हटलं, इथं नाही.

तो जरा वेळ बघत राहिला,
मग मीठ शोधायला गेला.