कुंदा एन. पाटील

तुर्भ्याच्या बाजारात एकतीस वर्षं मी वजनकाट्यावर होते.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक, उरला तो कांदा.
पावती दोनदा वाचल्याशिवाय
कुणाच्या बापाला फाटक उघडलं नाही.

आणि स्वतःची फाईल?
ती कपाटात, रेशनकार्डाच्या खाली,
मेडिकलवाल्याच्या पिशवीत, गाठ मारून.
इंग्रजी आहे, डॉक्टरांचं आहे,
आपण काय त्यात बघायचं.

चार महिने साखरेची गोळी घेतली.
गणपतीत मोदक दुसऱ्यांच्या ताटात वाढले.
अकरा वाजले की हात कापायचे, घाम फुटायचा,
भाजीची पिशवी धरून कुणाच्याही पायरीवर बसायचे.
सांगितलं तर डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले,
होतं असं सुरुवातीला.

परवा दुपारी वीज गेली. टीव्ही बंद.
कपाट आवरताना पिशवी हाताशी आली
म्हणून सोडली गाठ, दुसरं कारण नाही.
फूटपट्टी घेतली, काट्यावरची, जुनी,
एकेका ओळीखाली धरत गेले.
अर्धे शब्द डोक्यावरून गेले.
आकड्यांना मात्र भाषा लागत नाही.

नऊ मे. सकाळी सात बावन्न. नमुना घेतला.

नऊ मेच्या सकाळी मी उलव्याला होते,
भाचीच्या हळदीत, कोपरापर्यंत वाटणात.
त्या हातातून रक्त कुणी काढलं?
मी सुई टोचून घेतली ती बारा तारखेला.

पुन्हा वाचलं. नाव माझंच, कुंदा एन. पाटील.
वय एकसष्ट. मी अठ्ठावन्न.
घणसोलीपासून ऐरोलीपर्यंत कुठेही खडा टाका,
पाटलालाच लागणार.
त्यातल्या कुंदा किती, आणि एन किती.
माझा एन नामदेव.
हा कुणाचा?

रेकॉर्ड रूममध्ये बावस्कर म्हणून आहेत.
म्हणाले, "बाई, पेशंटनं वाचू नये हे. माणसं घाबरतात."
मी म्हटलं, न वाचता घाबरत होतेच की,
रोज अकरा वाजता.
त्यांनी चष्मा पुसला, कागद वेगळा काढला.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. सॉरी म्हणाले.
वाईट माणूस नाही. दिवसाला नव्वद पेशंट.
नव्वद ट्रक मीही सोडलेत,
म्हणून तर एक पावती ड्रायव्हरच्या हातात द्यायची.
माझी चूक झाली तर त्याला दिसेल.
माल तर त्याच्या गाडीत असतो.

घरी आले, चार महिन्यांनी गोड चहा केला.
अर्धा कप प्यायले आणि घोट घशातच राहिला.

तिचा आकडा माझ्याकडे होता.
मग माझा कुठे गेला?

दुसऱ्या दिवशी बावस्करांनी पत्ता दिला नाही,
देऊही नये, बरोबर आहे.
माझ्यासमोर फोन मात्र लावला.

मंगळवारी ती तळवलीहून रिक्षाने आली.
कुंदा नारायण पाटील. डाव्या पायाला फडकं,
अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती.
"साखर नॉर्मल आहे म्हणाले," ती म्हणाली,
"मग मी हळदच लावत राहिले."

मी काही बोलले नाही.
माझी चौऱ्याण्णव साखर
हिच्या पायात जाऊन बसली होती.

बाकावर दोघी. तिच्या मांडीवर पिशवी,
तशीच, मेडिकलवाल्याची,
गाठही तशीच, ओढून ओढून दगड झालेली.
तिनं ती माझ्याकडे सरकवली,
तुम्हाला वाचता येतं ना, म्हणून.

मी पर्समधून फूटपट्टी काढून बाकावर ठेवली.
"नखं आहेत का गं तुला," मी म्हटलं,
"माझी झिजलीत.
गाठ तूच सोड."