परत येण्याचा पुरावा

व्हिसाच्या कागदांत एक रकाना असतो:
तुम्ही परत याल, हे कशावरून?

मी पेन चावत बसले.
डिचोलीच्या बसस्टँडमागं, झेरॉक्सवाल्याकडे,
पंख्यानं कागद उडत होते
आणि लविता तिसरा लिंबूसोडा संपवत म्हणाली,
लिही गो काहीतरी, हा एक वाजता शटर ओढतो.

तिला हा रकाना नाही.
तिच्या आजोबांचा जन्म कुठल्याशा जाड वहीत
पोर्तुगीजमध्ये नोंदलेला,
म्हणून तिचा पासपोर्ट तांबडा
आणि विमानतळावर आमच्या रांगा वेगळ्या.
बाक मात्र तीन वर्षं एकच होता,
केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बर्नरसुद्धा.

लिहिण्यासारखं होतं की.
बाबा अजून पहाटे चारला उठतात,
बार्ज सुटायची वेळ झाल्यासारखे,
खाण बंद होऊन किती वर्षं झाली तरी.
दोन कप चहा करतात, एक माझा.
आई चहा पीत नाही.
मग मानकुरादच्या पेटीतले तळाचे आंबे,
जे रोज चाचपावे लागतात.
मग माझी दाढ, अर्धीच भरलेली,
डॉक्टर म्हणाले, उरलेली जुलैत.
सगळं खरं,
पण यातल्या कशावर शिक्का मारून मिळत नाही.

शेवटी ते पत्र जोडलं.
वेर्णा औद्योगिक वसाहत, औषधांची कंपनी,
क्वालिटी कंट्रोल, ट्रेनी,
रुजू होण्याची तारीख एक जुलै,
सहा महिने प्रोबेशन,
कंपनीची बस पहाटे साडेपाचला.
ज्या नोकरीवर मी अजून एक दिवस गेले नाही
ती माझी हमी देते आहे
जगाला.

बँकेत अडलं ते वेगळंच.
कुडचडकरांनी चष्म्यावरून पाहिलं:
सही जुळत नाही.
आठवीत स्कॉलरशिपसाठी उघडलेलं खातं.
कार्डावर मी, शांभवी गावस,
गोल गोल अक्षरांत,
अनुस्वाराच्या जागी फूल.
म्हणाले, ही एकदा करून दाखव, मग नवी बदलून घेऊ.
मला ती येईना.
सहा कागद फुकट गेले.
हात आता घाईनं लिहितो,
शेवटी रेघ ओढून मोकळा होतो
जणू मागं कुणी खोळंबलंय.
सातव्या खेपेला जीभ थोडी बाहेर आली,
आपसूक, तेव्हा यायची तशी,
आणि फूल जमलं.
हां, म्हणाले, ही तू.
आणि लगेच दुसरा फॉर्म पुढं सरकवला,
आता कायमची कर.

ब्रागाला लविताच्या मावशीकडे तेवीस दिवस.
तिथं म्हणे जूनमध्ये रात्री नवानंतरही उजेड असतो.
तेवढीच एक जुलै लांब.
मोबाईलच्या नकाशात मी त्यांच्या गल्लीतून चालून आले.
एक बेकरी, बंद दारासमोर एक सायकल,
कोपऱ्यावर औषधांचं दुकान, हिरवा क्रॉस.
आतल्या गोळ्या कुठल्या कारखान्यातल्या,
ते नकाशात दिसत नाही.

झेरॉक्सवाला प्रती मोजून देत होता.
तिच्या आणि माझ्या एकत्रच निघालेल्या,
त्यात तिचं तिकीट होतं.
एकेरी.

तिला कुणी विचारणार नाही, परत येशील हे कशावरून.
मी विचारू शकले असते.
तिच्याकडे सुट्टे नव्हते,
तीन सोड्यांचे पैसे मीच दिले.
म्हटलं, राहू दे गो,
आल्यावर दे.