एअर काढताना

हुडकेश्वर रोडच्या मागच्या गल्लीत, आमच्या पोर्चमध्ये,
दोन वर्षांपासून विटांवर उभी आहे
एकाहत्तर सालची पिकअप.
आधी तुळस हलवली, मग आईची वाळवणं,
शेवटी माझी स्कूटर रस्त्यावर गेली.
आई म्हणते, जावयालाही एवढी जागा दिली नसती.

मी आयटीआयत मुलींना फिटर शिकवते.
सकाळी पाच ते सात, उन्हाच्या आधी,
आणि रात्री बल्ब लटकवून
गाडीच्या पोटाखाली पोत्यावर पडून असते.
मे महिन्यात दुपारी पाना उचलला
तर तळहातावर त्याचा नंबर उमटतो.

रंग खरवडला तेव्हा थर निघाले:
वर निळा, कुहीच्या वीटभट्टीवाल्याचा,
मधला पांढरा कुण्या टेंट हाऊसचा,
सगळ्यात खाली कच्च्या संत्र्याचा हिरवा
आणि दारावर पिवळी अक्षरं:
चरडे बंधू, काटोल.

त्या बंधूंतले एक भिंतीवर फोटोत आहेत.
दुसरा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सुपारी कातरतो
आणि प्रत्येक बोल्टला नावं ठेवतो.
"पावर स्टेरिंग काऊन लावून राहिली व?
हातात जोर नाई का तुह्या?"
"सीट बेल्ट? गाडी हाये का पाळणा?"

इंजिन मी तेच ठेवलं, नुसत्या रिंगा बदलल्या.
ब्रेकमधलं मात्र काही म्हणजे काही ठेवलं नाही.
ड्रम, पाइप, जुना मास्टर सिलिंडर
किलोवर भंगारात घातला,
पुढे डिस्क बसवल्या, लाइन दुहेरी केली.
यावर गुणवंतकाका काही बोलला नाही.
अडकित्ता थांबला, एवढंच.

बाबा सांगायचे:
ब्याऐंशीचा मृग बहार, मागे साठ पेट्या,
कळमेश्वरचं फाटक बंद, पुढे दोन बैलगाड्या.
पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही.
गुणवंतानं डावीकडचं चिंचेचं झाड निवडलं.
त्याचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही.

एअर काढायला दोन माणसं लागतात.
ट्विंकल उईके येणार होती, तिचा पेपर निघाला.
खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
"मी दाबतो."
सीट आता मागे सरकते,
म्हणून तो सरळ पाय आत मावला.

मी मागच्या चाकाशी, निपलवर पाना, बाटलीत नळी.
"दाब. सोड. दाब. सोड. दाब. आता धर."
"धरला."
पाव फेरा उघडला,
आणि लक्षात आलं, सांगायचं राहिलं.
दर वर्षी वीस मुलींना सगळ्यात आधी हेच सांगते मी:
निपल उघडला की पेडल खाली जाणार,
घाबरायचं नाही, पाय काढायचा नाही.

वरून आवाज नाही.
पोत्यावरून मला दिसली फक्त पुढची चाकं,
विटांच्या वर, हवेत,
दोन्ही हळूहळू डावीकडे वळत गेलेली.

"काका, पाय काढू नको."
बराच वेळ.
"नाई काढला."

बाटलीत बुडबुडे आले, एक मोठा,
मग मोहरीएवढे.
निपल बंद केला. "सोड."
"पुन्हा?"
"पुन्हा."

चार चाकं, सव्वा तास.
शेवटी तो म्हणाला, "आता गोट्यावानी झाला."
तरी दाबतच राहिला,
मी पाने पुसून डब्यात ठेवले तोपर्यंत.
मग स्टेरिंग सरळ करून उतरला,
दाराला धरून, आधी चांगला पाय.

खुर्चीपाशी पोचल्यावर म्हणाला,
"चिच नव्हती ते. बाभय होती.
तुह्या बापाले चिच आवडे
म्हून तो चिच सांगे."