आवक क्रमांक दोनशे चौदा

ग्रामपंचायतीच्या संगणकावर
आजवर एकतीस जणींचे मातृवंदनेचे अर्ज मी भरले.
आधार, पासबुक, माताबाल कार्ड.
शेवटच्या पाळीची तारीख विचारताना
त्यांची खुर्ची जरा आत ओढून घ्यायची,
बाहेरच्या बाकावर सरपंचाचा दीर बसलेला असतो म्हणून.

बत्तिसावा अर्ज माझा.
सुकेशनी धम्मदीप भगत, संगणक परिचालक, पहिलं बाळंतपण.
खुर्ची ओढायला कुणी नव्हतं.
मीच मला हळू आवाजात विचारलं.

आमची आशा, छबूताई उईके, टेबलावर टेकून म्हणाली,
"हे योजनेचे झाले वं. पगाराचं काय?"

पगार महिन्याला सात हजार,
येतो तिसऱ्या महिन्यात,
पुण्याच्या कुठल्याशा कंपनीकडून,
जिला मी फक्त मेसेजवरून ओळखते.

घरी सांगितलं, सव्वीस आठवड्यांची रजा असते, भरपगारी.
सासू तुरीच्या शेंगा सोलत होती.
"घरी बसाचे पैसे? कोन देते?
मी तं सव्वा महिन्यात वावरात होती.
मले कोनी इचारलं बी नाही, बाई थकली काय म्हून."
मग बराच वेळ दाणे टोपल्यात पडत राहिले.
"सव्वीस आठोडे म्हंजे किती दिवस होते?"

एकशे ब्याऐंशी.

रात्री मोबाइलवर कायदा वाचला.
एकेक वाक्य धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत लांब,
मधे कुठं बसायला बाभळीचीही सावली नाही.
दोनदा झोप लागली, दोनदा पहिल्यापासून.
मागच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं हवं.
हजेरी मोजली: दोनशे एकाहत्तर.
रेंज नव्हती त्या दिवशी मशीननं अंगठा घेतला नाही,
ते दिवस यात नाहीतच.
बाळंतपणाआधी आठ आठवडे घेता येतात.
एकोणीस फेब्रुवारीपासून मागं मागं येत
बोट पंचवीस डिसेंबरवर थांबलं.

कंपनीचा माणूस फोनवर फार गोड बोलला.
"ताई, तुमची ऑर्डर एकतीस जानेवारीला संपते.
मग रजा कशातून द्यायची?
तुम्ही आराम करा. नंतर बघू."

नंतर बघू, हे मी पण म्हणते लोकांना,
सर्व्हर बंद असला की.
त्यामुळं त्याचा अर्थ मला माहीत आहे.

बुधवारी बाभुळगावला गेले, कोर्टाच्या आवारात,
फुकट सल्ला देतात त्या खोलीत.
ढोक वकीलबाईंनी ऑर्डर उलटीसुलटी पाहिली,
मागच्या तीन वर्षांच्या ऑर्डरीही मागितल्या.
अकरा महिने, अकरा महिने, अकरा महिने.
"ही युक्ती जुनी आहे," म्हणाल्या,
"पण भांडता येतं. आधी लेखी द्या, पोच घ्या.
फोनवरचं बोलणं लेकराच्या दुपट्यालाही पुरत नाही."
चहा पाजला. हमी काही दिली नाही.

परत आले तेव्हा सचिव मिटिंगला गेलेले.
मीच अर्ज टाइप केला,
मा. महोदय, विषय, संदर्भ,
पंचवीस डिसेंबर ते चोवीस जून.
तूर शेंगेत असताना निघायचं,
पेरणीच्या गडबडीत परत यायचं,
चार महिन्यांचं कुणीतरी मागं ठेवून.
कुणाजवळ, याचा रकाना नाही.

एक प्रत कंपनीला रजिस्टर पोस्टानं,
एक इथं. मीच दिली, मीच घेतली.
आवक नोंदवहीत माझ्याच अक्षरात चढवली:
दोनशे चौदा.
दोनशे तेरा नालीबद्दलची तक्रार होती.
तुला नाव मिळायच्या आधी मिळालेला
हा पहिला नंबर.

गोल शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.
आत काहीतरी हललं.
किंवा भूक असेल, सकाळपासून चहावरच होते.

खिडकीतून कुणीतरी नमुना आठ मागत होतं.
म्हटलं, थांबा हो दोन मिनिटं,
आधी माझी पोच काढून घेते.