पावती पुस्तक

तालुका शाखेचा कोषाध्यक्ष म्हणजे
एक रबरी शिक्का, सुकलेलं पॅड,
शंभर पानांचं पावती पुस्तक
आणि तेवीस सभासदांच्या तेवीस सबबी.
सहा वर्षं माझ्या मोटारसायकलच्या डिक्कीत
रेतनाच्या हातमोज्यांखाली
पशुधन पर्यवेक्षकांची संघटना फिरते आहे.
हिशेबाला गोठ्याचा वास येतो,
असं हिशेब तपासणाऱ्या परशुरामकर गुरुजींनी
शेऱ्यात लिहूनही ठेवलं.

सकाळी सहाला लाळ-खुरकतीची लस,
डब्यातला बर्फ विरघळायच्या आत तीन गावं.
परवा एका कालवडीनं बरगडीत लाथ घातली.
घरी सांगायचं राहिलं,
कारण घरात शिरलो तेच
प्रवासभत्त्याचं निवेदन फोनवर वाचून दाखवत.
भाताची पेज निथळता निथळता
ज्योत्स्ना एवढंच म्हणाली,
‘सन्माननीय दोनदा आलं.’

एकदा पिहूनं पुस्तक उघडलं.
पावती क्रमांक एकसष्ट, कार्बनसकट, गोल अक्षरात:
श्री. बाबा यांजकडून मिळाले
रविवार अर्धा.
बाकी सात.
खाली सही. शिक्का उलटा.
फाडून टाकता येत नाही, क्रमांकाचा जाब द्यावा लागतो.
मी ‘रद्द’ लिहायला पेन उघडलं,
तर गुरुजी चष्म्यावरून म्हणाले,
‘रद्द कायले करता? येणे बाकीत दाखवा.’

आणि ऑर्गन.
वर्षातून एक रात्र,
शंकरपटाचे बैल दमून बांधले गेले
की शेतातल्या मंडपात पडदा वर जातो
आणि चुलबंदीकडून येणाऱ्या गारठ्यात
माझी बोटं काही तास कोणाच्याही कामाची नसतात.
यंदा दुसऱ्या अंकात, नायिका रडायला लागली तेव्हा
खिशात फोन थरथरला.
कापगतेंची बाई.
ते जाऊन चौदा महिने झाले,
पेन्शन अडली आहे एका ना-देय दाखल्यावर,
त्यांच्या नावावर अजून एक नायट्रोजनचा डबा.
नायिका एक सूर जास्त रडली, चूक माझी.
पहाटे पावडर पुसणाऱ्या राजाच्या शेजारी चहा घेतला
आणि साडेसातची भंडारा गाडी धरली.

डबा सापडला. लाखांदूरच्या दवाखान्यामागे,
त्यात कोणीतरी तुळस लावली होती.
दाखला घेऊन बाई पायरीवर बसल्या,
‘तुमी कायले आले जी, तुमची सुट्टी बुडली नं.’
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

राजीनामा मी लसीकरणाच्या तक्त्यामागे लिहिला,
तीन ओळी, सन्माननीय एकदाच.
वार्षिक सभेला अकरा जण.
गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,
अर्ध्या तासानं तेच अकरा जण,
फक्त समोसे थंड.
मी उठलो. कोणी ‘नाही, नाही’ म्हणालं नाही,
याचं थोडं वाईट वाटलं.
मागच्या खुर्चीतून अस्मिता गेडाम, नोकरीला दीड वर्ष,
म्हणाली, ‘द्या इकडे. कार्बन कोणत्या बाजूनं ठेवतात?’
एकसष्ट नंबरचं पान आलं, ती थांबली,
वाचलं,
काही न विचारता पुढं उलटलं.

पहिला मोकळा रविवार.
ऑर्गनची मधली पट्टी बोलेना म्हणून भाता उघडला,
आत उंदराचं घरटं,
निळ्या कार्बनच्या चिंध्यांचं, मऊ,
एका चिंधीवर ‘...ळाले’ एवढंच शिल्लक.
पिहू पोटावर झोपून टॉर्च धरत होती.
पिल्लं नव्हती. नाहीतर तेही काम माझ्याकडंच आलं असतं,
ज्योत्स्ना दारातून म्हणाली.
बरगडीवर हात होता माझा. तिनं आत्ता पाहिला.
‘कधी?’
मी सांगणार,
तोच फोन. अस्मिता.
सर, शिक्का सारखा उलटाच उमटतो.
मी तोंड उघडलं, त्याआधी पिहूनं फोन ओढला
आणि जाणकाराच्या आवाजात म्हणाली,
‘ताई, मुठीवर एक चरा आहे नं,
तो आपल्याकडं नाही,
समोरच्याकडं धरायचा.’