मेन स्टँड

म्हापशाच्या शोरूममधल्या पोरानं विचारलं,
"चेड्याखातीर, अंकल?"
मी म्हटलं, हो.
का म्हटलं कोण जाणे. माझा मुलगा कुवेतला क्रेन चालवतो,
दुचाकीची त्याला लहानपणापासून भीती.

साडेतीनशे सीसी, एकशे एक्क्याण्णव किलो,
काळी, टाकीवर एक बारीक सोनेरी रेघ,
नवरदेवाच्या धोतराला असते तेवढीच.
पोरगा मायलेज सांगत होता.
माझ्या डाव्या हाताला आपोआप क्लच सापडला.

एकतीस वर्षं डिचोलीच्या स्टँडवर पायलट होतो मी.
पिवळा मडगार्ड, रांगेत सहावा.
माणसं मला पाठीनं माहीत आहेत.
इनासिन बाय माशांची पाटी मांडीवर घेऊन बसायची,
बांगड्यांचं पाणी माझ्या शर्टावर;
देसाय मास्तर मागचं कॅरिअर घट्ट धरत,
मला त्यांनी कधीच धरलं नाही;
पिळगावची एक पोर, परीक्षेला उशीर झालेली,
वाटभर माझ्या मानेशी सनावळ्या पुटपुटत होती.
आणि आझिलोतून परतणारा एक माणूस
अस्नोड्याच्या पुलापासून त्याच्या दारापर्यंत रडला.
मी वळून पाहिलं नाही. पायलट वळून पाहत नाही.
भाडं मात्र अर्धंच घेतलं.

शेवंती मागे बसली ती मोजून चार वेळा.
म्हणायची, मागची सीट गिऱ्हाइकाची,
मी बसले तर तुमचे वीस रुपये बुडतात.

आता चौसष्ट. गेल्या शिगम्याला परमिट परत केलं.
उजवा गुडघा जिना उतरताना बोलतो.
मुलगी फोनवर म्हणते, बाबा, स्कूटर घ्या, गिअरची कटकट नाही.
बँकेतली बाई पाच वर्षांचे हप्ते मांडते,
मग माझी जन्मतारीख पाहते,
मग तीन वर्षांचे मांडते.
स्टँडवरचा कुष्टा म्हणतो, गावस, खुळा झालास,
त्या पैशात तुम्हा दोघांचे दात होतील.
खरं आहे. सगळ्यांचंच खरं आहे.
रात्री हिशेब मांडला की माझीही स्कूटरच निघते.

फक्त एक कुणाला सांगत नाही,
की नार्व्याला फेरीबोटीतून उतरताना
रांपवर शेवाळ असतं, पहिल्या गिअरात
नुसत्या पोटानं तोल धरावा लागतो,
आणि तेवढे दोन क्षण
मी कुणाचा बाप नसतो, कुणाचा पायलटही.

"मेन स्टँडला लावून बघू?"
पोरगा मागे हात पसरून उभा राहिला,
चालायला शिकणाऱ्या मुलामागे राहतात तसा.
पहिल्यांदा गाडी उठलीच नाही.
चाक परत येऊन टाचेवर बसलं.
नव्या पायलटांना मीच सांगायचो,
इथे ताकद लागत नाही रे,
टाच खाली, नजर समोर, ती आपली आपण वर येते.
दुसऱ्यांदा आली. ठक्क.
पोरगा "बरें" म्हणाला आणि फोनमध्ये बघू लागला.
गुडघा संध्याकाळपर्यंत दुखत होता.

दोन हजार टोकन भरलं. चवथीपर्यंत परत मिळतं.
पावती कॅलेंडरच्या मागे खोचली,
जिथे विजेची बिलं खोचतो.

काल शेवंतीला सापडली.
तिनं चष्मा लावून सगळी वाचली,
खालच्या बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा,
'मुलासाठी' लिहिलेल्या रकान्यावर जरा थांबली.
पावती होती तशी खोचली, कॅलेंडर सरळ केलं,
आणि नारळ घेऊन आदोळीवर बसली.
अर्धी कवड खवून झाल्यावर म्हणाली,
"पिवळं काही नको हां त्याच्यात."

त्याचा अर्थ मी विचारला नाही.
चवथीला अजून एकोणीस दिवस आहेत.
सकाळ-संध्याकाळ, ती न्हाणीत गेली की,
मी ओसरीची पायरी
एका पायावर चढतो.