बोलकं लाकूड

घणसोलीच्या पोटात, चाळीस मीटर खाली,
रात्रपाळीला मी डोंगराचं माप घेते.
भिंतीतल्या पाच आरशांवर दुर्बीण रोखायची,
आकडा वहीत. काल किती, आज किती.
डोंगर मिलिमीटरनं चालतो.

इवामोतो सल्लागार म्हणून आलेला, सत्तरीचा,
माझ्या डब्यातलं करवंदाचं लोणचं मागून खायचा.
त्याची आजी क्युशूच्या कोळसाखाणीत
कमरेला दोर बांधून टोपली ओढायची, गुडघ्यांवर.
छताला टेकू पाइनच्या ओंडक्यांचे.
पाइनच का, तर तो मुकाट मोडत नाही,
आधी कुरकुरतो.
म्हणून खाली शीळ घालायची नाही, टाळी वाजवायची नाही,
आजी जेवायचीसुद्धा ओंडक्याला कान लावून.
"मजबूत लाकूड पुष्कळ होतं," तो म्हणाला,
"बोलकं लागायचं."

आमच्याकडे जाळी, बोल्ट, फवारलेलं काँक्रीट.
सगळं भक्कम, सगळं गप्प.
पाइनच्या जागी मी.

श्रावणात एका रात्री तीन नंबरचा आरसा
सहा तासांत अकरा मिलिमीटर आत आला.
मी माणसं बाहेर काढली.
कुलश्रेष्ठ साहेब फोनवर: यंत्र चुकलं असेल,
तासाला किती लाख जातात कळतं का?
नव्हतं कळत.
जादा बोल्ट मारले. उजाडता आरसा थांबला.
काही झालं नाही.
काही झालं नाही, याला अहवालात रकाना नाही.

माझा बाप, तिम्मण्णा, इलठणपाड्याच्या दगडखाणीत होता.
सुरुंग उडाला की पहारीनं कडा ठोकून बघायचा.
टणटण म्हणजे चल, ढबढब म्हणजे पळ.
एकदा त्याला ढबढब ऐकू आलं,
मुकादमाला आलं नाही.
डावा पाय गुडघ्याखाली नाही तेव्हापासून.
अजून चहाचा कप टिचकी मारूनच हातात घेतो.

आज पाळी संपवून आले तर घराची चौकट
ओलीनं फुगून करकरत होती.
बाप खोबरेल तेलाची बाटली घेऊन उंबऱ्यात.
राहू दे, म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, बूच लावलं,
मग स्वतःच दार जरासं ढकललं,
आणि मान तिरकी करून ऐकत बसला.